हमीदाचं ओठांचं इंग्रजी

हमीदाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईच्या दाढेत काहीतरी अडकलंय. भिवंडीच्या नारपोलीत आमच्या घरासमोरच्या इमारतीत ती पहिल्या मजल्यावर राहायला आली होती. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते आणि ही खिडकीत उभी राहून माझ्याकडे बघून तोंड वेडंवाकडं करत होती. ओठ लांब करायची, मग गोल करायची, मग जबडा खाली सोडायची. आवाज काही नाही. मी मान फिरवली. थोड्या वेळाने पाहिलं तर तेच चालू. शेवटी ती जिना उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगो वयनी, कवापासून विचारतंय, चाय पितंस का?"

मी म्हटलं, "विचारलंस कधी? तू तर वेडावत होतीस."

"वेडावत न्हवते, बोलत होते. तुला ऐकायला येत न्हाय ते मना काय म्हायत?"

यात माझ्या कानांचा दोष नव्हता. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम, कापड विणायचे यंत्रमाग. दिवसपाळी, रातपाळी, खडखड बंद म्हणून नाही. तिथे माणूस ओरडून बोलतो, नाहीतर हाताने बोलतो. हमीदा ओठांनी बोलायची, आणि ते ती इथे शिकली नव्हती. ते ती विलायतेत शिकली होती.

हमीदा आमच्याकडचीच, कोकणी मुसलमान. खाडीकाठच्या गावात वाढली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली. लंडनला नाही. लंडन म्हटलं की ती चिडायची. इंग्लंडच्या वरच्या अंगाला गिरण्यांचं एक गाव होतं, तिथे नवरा गिरणीत होता आणि मग हीही मागावर लागली. मी तिला म्हटलं होतं, "भिवंडी सोडून इतक्या लांब गेलीस आणि तिथेही लूमच चालवलेस. अक्कल कुठे गेली होती?" ती म्हणाली, "तिथं लूमवर चाय मिलते, बसून." पुढे गिरण्या बंद पडल्या, नवरा गेला, दोन्ही मुलं लग्न करून आपापल्या घरी राहू लागली, तेव्हा ती भिवंडीला परत आली.

त्या गिरणीत शेकडो माग एका छपराखाली. कानाला काही ऐकू येत नसे. तिथल्या गोऱ्या बाया तोंड मोठं मोठं करून, आवाज न काढता एकमेकींशी दिवसभर गप्पा मारायच्या. एक बाई या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि मधल्या सगळ्यांना कळायचं कुणाचा नवरा पिऊन आला. हमीदा गेली तेव्हा तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. म्हणजे तिने इंग्रजी आधी पाहिलं, ऐकलं नंतर.

शिकली कशी, तर नक्कल करून. शेजारच्या मागावर मेरी नावाची बाई होती. ती हमीदाच्या बोलण्याची नक्कल करायची, मान डुगडुग हलवून, बड बड बड बड असं. सगळ्या हसायच्या. मग हमीदा मेरीची नक्कल करायची, ओठ ताणून. तेव्हा सगळ्या जास्त हसायच्या. असं करता करता एक दिवस हमीदाच्या ध्यानात आलं की आपण नक्कल करतोय आणि समोरच्या बाईला ते कळतंय, ती उत्तर देतेय. "तसं आलं मना इंग्रजी," ती सांगायची. "शालेत न्हाय, पुस्तकात न्हाय. चिडवता चिडवता."

म्हणून तिची नक्कल केलेली तिला कधी लागत नसे. आमच्या गल्लीतल्या पोरांना तर खेळच मिळाला होता. हमीदा जाताना दिसली की कोपऱ्यावर उभी पोरं ओठांचा चंबू करून, चूल फुंकल्यासारखं करायची. दुसरी कुणी असती तर चप्पल काढली असती. ही थांबायची आणि चुका काढायची. "न्हाय रे, वठ जास्त वडतंस. जबडा सोड. हां, आता आलं." पोरांचा उत्साह निम्मा होत असे.

गिरणीच्या बाहेर त्या बाया आवाज काढूनही बोलायच्या, तेही हमीदाने तसंच्या तसं उचललं होतं. बसला ती बूस म्हणायची, कपला कूप. आणि ज्याच्या त्याच्याशी बोलताना शेवटी 'लूव' लावायची. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, लाईटबिल घ्यायला आलेल्या माणसाला. थँक्यू लूव. मला वाटायचं 'भाऊ'साठी तिकडचा शब्द असेल. माझी नात स्नेहा कॉलेजात जायची, तिने एकदा सांगितलं की तो लव आहे. मी हमीदाला म्हटलं, "अगं, साठी उलटली तुझी, रिक्षावाल्याला काय बोलतेस?" ती म्हणाली, "तिकडं बूसचा ड्रायव्हर पण मना बोलायचा. माझा नवरा बाजूला बसलेला असायचा." त्यांच्याकडची रीत त्यांना ठाऊक.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटणकर सरांचा इंग्रजीचा क्लास होता. सर कॅसेट ऐकून इंग्रजी शिकले होते आणि बातम्या दिल्यासारखं बोलायचे. हमीदाचं इंग्रजी अडाणी आहे, मुलांनी ते कानावर पडू देऊ नये, असं ते वर्गात सांगायचे. हे हमीदाला कळलं तेव्हा तिने त्यांना माझ्या घरी चहाला बोलावलं. माझ्या घरी, मला न विचारता. सर आले, बसले आणि इंग्रजीत काही म्हणाले. हमीदा इंग्रजीत काही म्हणाली. सर म्हणाले, "पार्डन?" ती म्हणाली, "एह?" असं तीन-चार वेळा झालं. मला वाटलं आता भांडण होणार. शेवटी सर म्हणाले, "आप चाय में शक्कर कितनी लेती हैं?" ती म्हणाली, "दो चम्मच." बाकीचा सगळा चहा दोघांनी हिंदीत प्यायला.

सर गेल्यावर हमीदा म्हणाली, "रेडिओ गिललेला माणूस हाय." आणि त्यांची नक्कल करून दाखवली. हुबेहूब. मी इंग्रजी जाणत नाही, चौथीत माझी शाळा सुटली, पण मलाही पाटणकर सर समोर बसल्यासारखे दिसले.

आता स्नेहाचं सांगते. स्नेहाला ठाण्याच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी हवी होती. त्या वेळी ते फार चाललं होतं. इंग्लंडमधल्या माणसाचा फोन बिघडला की तो तक्रार करायचा आणि इथली पोरगी ठाण्यात बसून त्याला उत्तर द्यायची. स्नेहा एकदा परीक्षा देऊन आली आणि नापास झाली. तिथल्या साहेबाने सांगितलं, तुझ्या इंग्रजीत भिवंडी येते. माझा मुलगा प्रकाश, स्नेहाचा बाप, म्हणाला, "भिवंडीच्या पोरीच्या तोंडात भिवंडीच येणार, पॅरिस कुठून येईल?" त्याला तसंही ते नको होतं. टेमघरहून एक स्थळ आलं होतं, गोदामं होती त्यांची. मुलगा वाईट नव्हता. बोलताना फक्त स्वतःचंच ऐकायचा. प्रकाशने सांगून टाकलं, आणखी एक परीक्षा दे, नापास झालीस तर टेमघर. सून कधी मधे पडत नसे. स्नेहा दोन दिवस जेवली नाही. मी तिला म्हटलं, उपाशी राहून इंग्रजी येत नाही, हमीदाकडे जा.

हमीदाचा आनंद काय सांगू. इंग्लंडच्या लोकांशी बोलायचंय ना, मग इंग्लंडचं बोलणं तिच्याइतकं भिवंडीत कुणाला येतं? तिने स्नेहाला घरात शिकवलं नाही. आमचा लूमचा कारखाना होता, प्रकाश बघायचा, तिथे नेलं. चालू लूमच्या या टोकाला स्नेहाला उभं केलं, त्या टोकाला स्वतः उभी राहिली. स्नेहाने इंग्रजीत वाक्य म्हणायचं. हमीदाला ओठांवरून कळलं तर पुढचं, नाही कळलं तर पुन्हा तेच. तिची मेरी तिच्याकडून असंच करून घ्यायची म्हणे.

महिनाभर हे चाललं. कारखान्यातले कारागीर यूपीचे, त्यांना करमणूक झाली. रामदुलार नावाचा कारागीर तुटलेला धागा जोडता जोडता ओठांनी 'हाऊ कॅन आय हेल्प यू' म्हणायला लागला. मग बाकीचे. मी डबा घेऊन गेले तर सगळा कारखाना मला मदत करायला तयार. मलाही ओठ वाचता यायला लागले. अर्थ कळत नव्हता, पण कोणतं वाक्य चाललंय ते लांबून ओळखायचे. स्नेहा तर इतकी तयार झाली की घरात जेवताना ओठांनीच भाकरी मागायची. प्रकाश म्हणाला, "हिचा घसा बसलाय का?"

परीक्षेला आम्ही तिघी गेलो. स्नेहा, मी आणि हमीदा. ठाण्याच्या त्या ऑफिसात थंडी फार होती. स्नेहाला आत एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं. शेजारच्या खोलीत साहेब, त्याच्याही कानाला यंत्र. गळ्यात नाडी, नाडीला फोटो. आम्हाला बाहेरून दोघंही दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. पण आम्हाला ऐकायची गरजच कुठे होती?

स्नेहाने सुरुवात केली. काय तिचे ओठ. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा वेगळा. हमीदा माझं मनगट धरून सांगत होती, "गुड मॉर्निंग बोलली. बघ, बघ. आता नाव इचारते. वयनी, मेरीला पण असं जमलं नसतं."

आत साहेब कानावरचं यंत्र चाचपत होता. मग त्याने वायर हलवली. मग उठून टेबलाखाली वाकला. मी म्हटलं, "हा काय शोधतोय?" हमीदा म्हणाली, "पेन पडलं असंल." साहेबाने दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्याने स्नेहाच्या कानावरचं यंत्र काढलं, त्यात फुंकलं, पुन्हा लावलं. स्नेहा बोलतच होती. तिसरा माणूस पाना घेऊन आला. आता आत तिघं जण वायरी ओढत होते आणि स्नेहा शांतपणे त्यांना कशी मदत करू असं विचारत होती.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी हमीदाला म्हटलं, "हमीदा, फोनवर ओठ दिसतात का गं?"

हमीदाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती काचेपाशी धावली, काचेवर थापा मारल्या. स्नेहाने वर पाहिलं. हमीदाने ओठांनी सांगितलं, आवाज काढ, अगो आवाज काढ. स्नेहाला कळलं. तेवढं शिकवणं कामी आलं.

मग स्नेहाने आवाज काढला. ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण साहेब खुर्चीत सरळ बसला. त्याने आणखी दोघांना बोलावून त्यांच्या कानाला यंत्र लावलं. ते हसू लागले. हमीदा म्हणाली, "पास." मी म्हटलं, "थांब जरा. हसणं निराळं, पास निराळं."

स्नेहा बाहेर आली ती पडलेल्या तोंडाने. साहेब म्हणाला होता, ही तू कुणाची नक्कल करतेस? अशी नक्कल ऐकून तिकडचं गिऱ्हाईक फोन आपटेल. त्याला वाटेल, आपण त्याला वेडावतोय. हमीदा तशीच आत शिरली आणि साहेबाला इंग्रजीत काय काय बोलली. तो बिचारा सगळं ऐकून हिंदीत म्हणाला, "आंटी, हमको ऐसी आवाज चाहिए जो कहीं की ना लगे."

"कहीं की ना लगे?" हमीदा म्हणाली. "माणूस हाय ती. कुठली तरी लागणारच." साहेब बहुतेक मराठी नसावा. त्याने तिला पाणी दिलं.

परत येताना हमीदा म्हणाली, "बोलला तो खोटं न्हाय. नक्कलच हाय ती. मना दुसरं येतंय कुठं?" स्नेहा खिडकीबाहेर बघत रडत होती.

घरी प्रकाश म्हणाला, "झालं ना समाधान? उद्या टेमघरला कळवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदा कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली, तिच्या मागे मी. लूम चालू होते. तिने तिथूनच प्रकाशशी ओठांनी बोलायला सुरुवात केली. प्रकाशने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून कापडाच्या ताग्याला हात घातला. ती बोलत राहिली. रामदुलारला राहवलं नाही. तो प्रकाशच्या कानाशी जाऊन ओरडला, "सेठ, खाला कह रही हैं, आपको शरम नहीं आती?"

"मेरेको सुनाई नहीं दे रहा."

"तो मैं बता रहा हूँ ना सेठ. अब कह रही हैं, लडकी है, तागा नहीं है."

"तू तेरा काम कर."

"कर रहा हूँ सेठ. अब आपके पिताजी का नाम ले रही हैं."

प्रकाशने जाऊन मेन स्विच खाली ओढला. सगळे लूम थांबले. तेव्हा भिवंडीत रोज तासन् तास लाईट जायची, लाईट आली की माणसं जेवण टाकून लूमवर धावायची. लाईट असताना आमच्या घरातल्या कुणी हाताने लूम बंद केल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या कारखान्यातली माणसं, कुणी मयत झालं का म्हणून बघायला आली.

त्या शांततेत हमीदा हळू आवाजात बोलली. "प्रकाश, पोर नापास न्हाय झाली. मी झालंय. मी तिला माझी नक्कल शिकवली. तू तिला टेमघरला दे न्हायतर आणखी कुठं दे, तुझी पोर हाय. पण माझ्या नापासावर देऊ नको."

प्रकाश म्हणाला, "खाला, लाईट आहे. लूम बंद आहेत."

"मग लवकर बोल."

"दिवाळीपर्यंत थांबतो."

"फुडच्या दिवालीपर्यंत."

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? लाईट जाईल." त्याने हात जोडले आणि स्विच वर केला.

टेमघरला नाही म्हणून सांगायला मीच गेले. त्या मुलाचं पुढे दुसरीकडे झालं आणि चांगलं चाललंय. स्नेहाला पुढच्या दिवाळीच्या आत काम मिळालं, कॉल सेंटरमध्ये नाही, हायवेकडच्या नव्या गोदामाच्या ऑफिसात. गाडी निघाली का, माल पोचला का, असं दिवसभर फोनवर. लुधियानाशी हिंदीत, चेन्नईशी तिच्या त्या भिवंडीच्या इंग्रजीत. चेन्नईच्या माणसाच्या इंग्रजीत चेन्नई येते, म्हणून दोघांचं बरं जमायचं. हमीदा मधूनमधून तिच्या ऑफिसात जाऊन बसायची आणि घरी येऊन त्या चेन्नईच्या माणसाची नक्कल करायची. त्याला तिने पाहिला नव्हता. फक्त फोनमधून ऐकला होता, तरी त्याचं पोटसुद्धा दाखवायची.

हमीदा एका रविवारी दुपारी गेली. मटण जेवली, आडवी झाली, उठली नाही. चांगलं मरण. तिचा भाचा आला, माणसं जमली. मातीला उशीर करत नाहीत त्यांच्यात, आणि तिकडे मुलांना कळवायला हवं होतं. भाच्याने थोरल्याला फोन लावला, तो उचलेना. सुनेचा नंबर होता, पण सून तिकडेच जन्मलेली, तिला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. भाच्याने हमीदाचा मोबाईल स्नेहाच्या हातात दिला. "तू बोल. तुला जमतं."

स्नेहाने नंबर लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. सुनेने उचलला. स्नेहाने विचार केला असेल, हिला तिकडचंच नीट कळेल. ती हमीदाच्या इंग्रजीत बोलली. अगदी तसंच, बूस आणि कूपवालं. अम्मी गेल्या, असं सांगितलं.

पलीकडची बाई हसली. आणि काहीतरी म्हणाली. स्नेहाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काय म्हणते?"

स्नेहा म्हणाली, "म्हणते, अम्मी, आज कुणाची नक्कल? पुरे झालं, सांगा काय काम होतं."

बरोबरच होतं तिचं. नंबर हमीदाचा, आवाज हमीदाचा. आणि अम्मी असे फोन नेहमी करायच्या, कधी मेरी होऊन, कधी शेजारीण होऊन, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. स्नेहाने पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हसली. तिसऱ्यांदा सांगताना स्नेहाला रडू आलं, तर ती बाई म्हणाली, वा, रडणं छान जमलंय.

मग स्नेहाने डोळे पुसले आणि चेन्नईशी बोलते त्या तिच्या इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, आय ॲम स्नेहा स्पीकिंग फ्रॉम भिवंडी. युवर मदर-इन-लॉ इज एक्स्पायर्ड. टुडे ओन्ली."

तेव्हा पलीकडची बाई जी रडायला लागली ती थांबेचना. शब्द नाहीत, नुसतं रडणं. खोलीतली सगळी माणसं फोनकडे बघत उभी होती.

स्नेहाने मला विचारलं, "आजी, ठेवू का?"

मी म्हटलं, "रडून होऊ दे तिचं. बॅलन्स हमीदाचा आहे."